दुसऱ्या फळीची पारख

क्रीडाविषयक लेखन हा या सदराचा प्रांत नव्हे, याची मला जाणीव आहे. या पानावर आपण कधी जुन्या पाठ्यपुस्तकांविषयी, कधी घरातल्या बोलीविषयी, कधी मुलांच्या परीक्षांविषयी बोलत आलो. परंतु वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचे कोणी ना कोणी आता सातासमुद्रांपलीकडे राहते, आणि तेथे जेवणाच्या टेबलावर जे वाद रंगतात ते फोनवरून आपल्याही घरात येऊन पोहोचतात. असाच एक वाद २०२३ च्या उन्हाळ्यात माझ्या पदरी पडला. तो होता एका फुटबॉल संघाच्या राखीव खेळाडूंविषयी. त्याचा निवाडा करता करता मला स्वतःच्याच वर्तनाचा हिशेब मांडावा लागला, म्हणून तो येथे सांगतो.

माझी धाकटी बहीण गेली पंचवीस वर्षे अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहरी राहते. मेव्हणे हिशेबतपासनीस आहेत. भाचा तेव्हा सोळा वर्षांचा होता. शाळेच्या उन्हाळी सुट्टीत मी आणि सौ. इंदुराहून जाऊन महिनाभर तिच्याकडे राहून आलो. या शहराचा ‘चीफ्स’ नावाचा संघ आहे. बहीण सांगत होती, हंगामात शुक्रवार उजाडला की बँकेतल्या कारकुनापासून शाळेतल्या बाईंपर्यंत सारे लाल सदरे घालून कामावर येतात. आम्ही गेलो त्याच वर्षी, १२ फेब्रुवारीस, या संघाने फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचा ३८-३५ असा पराभव करून ‘सुपर बोल’ हे देशाचे विजेतेपद मिळवले होते. एवढे यश पदरात असता घरात आनंदीआनंद असावा, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात रोज रात्री बापलेकांत एकच वाद: पुढल्या हंगामासाठी आपल्याकडे झेलकरी पुरेसे आहेत का?

आता हा खेळ थोडा समजून घ्यावा लागेल. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. येथे चेंडू नारळासारखा लांबट, आणि पायापेक्षा हाताचे काम अधिक. भाच्याने तो मला पोळपाटावर शेंगदाणे मांडून शिकवला. मैदान शंभर यार्ड लांब, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे अंतिम पट्टे. यार्ड म्हणजे आपला जुना ‘वार’, नऊवारी लुगड्यातला. हे कळताच सौ.नाही खेळात गोडी वाटू लागली. चढाई करणाऱ्या संघाने चार प्रयत्नांत दहा वार पुढे सरकायचे; साधले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. पुढच्या रांगेत पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे राहतात. त्यांच्या मागे सेनापती, ज्याला क्वार्टरबॅक म्हणतात. चीफ्सचा सेनापती पॅट्रिक महोम्स. त्याने फेकलेला चेंडू दूर धावत जाऊन झेलणारे ते ‘रिसीव्हर’. मी त्यांना झेलकरी म्हणू लागलो. शाहिराचे झीलकरी आणि हे झेलकरी यांत वेलांटी-मात्रेचाच काय तो फरक! शाहीर कितीही बुलंद आवाजाचा असो, मागून सूर धरणारे कच्चे असले तर पोवाडा पडतो, तसेच येथेही.

एका वेळी मैदानात साधारणतः तीन झेलकरी असतात. त्यांच्या जोडीला ‘टाइट एंड’ नावाचा एक गडी, जो अर्धा झेलकरी आणि अर्धा भिंतीचा दगड. चीफ्सकडे या जागी ट्रॅव्हिस केल्सी हा नामांकित खेळाडू. संघात एकूण ५३ जण, आणि त्यांत झेलकरी पाच ते सात. प्रत्येक जागेसाठी पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण याची उतरंड प्रशिक्षक मांडतात. तिला तेथे ‘डेप्थ चार्ट’ म्हणतात. ‘खोलीचा तक्ता’ असे भाषांतर करून मी ते म्हणून दाखवताच बहीण म्हणाली, “दादा, हे तर भाड्याच्या खोल्यांची यादी वाटतं!” तेव्हा मी ‘दुसरी फळी’ हाच शब्द पत्करला.

वादाचे मूळ मात्र एक वर्ष आधीचे होते. टायरीक हिल नावाचा अत्यंत चपळ झेलकरी या संघात होता. २०१६ साली नवोदितांच्या निवडीत पाचव्या फेरीत, म्हणजे बऱ्याच उशिरा, तो निवडला गेला आणि पुढे संघाचे भूषण ठरला. २३ मार्च २०२२ रोजी चीफ्सनी त्याला मायामीच्या डॉल्फिन्स संघाकडे देऊन टाकले. मोबदल्यात मिळाले नवोदित निवडण्याचे पाच हक्क. मायामीने त्याच्याशी चार वर्षांचा १२ कोटी डॉलरचा करार केला. या संघटनेत प्रत्येक संघाने खेळाडूंवर वर्षाला किती खर्च करावा याची मर्यादा ठरलेली असते. २०२३ साली ती २२ कोटी ४८ लाख डॉलर होती. ठरल्या पगारात घर चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे सांगायला नको, की एका वस्तूवर हात सैल सोडला तर दुसरीकडे आखडता घ्यावाच लागतो.

मेव्हण्यांचे म्हणणे आकड्यांवर उभे होते. ते बोटे मोजत म्हणत, “दादा, हिल गेला. गेल्या हंगामात ७८ झेल आणि ९३३ वार करणारा स्मिथ-शूस्टर न्यू इंग्लंडला गेला. मीकोल हार्डमन न्यूयॉर्कला गेला. राहिले कोण? व्हाल्डेस-स्कँटलिंग, टोनी, मूर, वॉटसन, जेम्स, आणि नवखा रशी राइस. एका हंगामात हजार वार गाठलेला यांत एकही झेलकरी नाही. केल्सी ऑक्टोबरात चौतीस वर्षांचा होईल. ही फळी नव्हे, हे फळकूट आहे!”

भाच्याचे म्हणणे निराळे. “मामा, बाबा मागच्या वर्षीही हेच म्हणत होते, आणि आपण जिंकलो. अंतिम सामन्यात शेवटच्या पावात टोनीने आणि मूरने गुण मिळवले. टोनीने तर परतीचा चेंडू घेऊन ६५ वार धाव घेतली, सुपर बोलच्या इतिहासात तेवढी लांब कोणीच घेतली नव्हती. हिलच्या बदल्यात आलेल्या हक्कांतला एक वापरून ट्रेंट मॅकडफी हा बचावपटू आणला. एका माणसाचं बळ पाच जागी वाटलं, ते काही नाहीसं झालं नाही.”

दोघांचीही वकिली मला पटे. वर्गातही असेच होते. पहिल्या तीन मुलांच्या गुणांवर वर्गाची योग्यता ठरवावी की विसाव्या मुलाच्या, हा वाद शिक्षकांच्या खोलीत मी तीस वर्षे ऐकत आलो आहे. परंतु भाच्याचा आवाज त्या वादात जरा जास्तच चढे, आणि त्याचे कारण मला कळेना. निघण्याच्या आदल्या रात्री बहिणीने पोळ्या लाटता लाटता सांगितले, “दादा, तो स्वतः शाळेच्या संघात झेलकरी आहे. पाचवा. त्याचे बाबा चीफ्सच्या चौथ्या-पाचव्यांना निकामी म्हणतात ना, ते सगळं तो आपल्या अंगावर घेतो.”

मेव्हण्यांना याची कल्पना नव्हती असे नाही. ते मायाळू गृहस्थ आहेत. पण आकड्यांशी नाते असलेल्या माणसाला आकडे कोणाला लागतात हे कित्येकदा दिसत नाही.

७ सप्टेंबर २०२३ रोजी हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच सामन्यात मेव्हण्यांची भीती खरी ठरली. केल्सीचा गुडघा दुखावल्यामुळे तो बाहेर. डेट्रॉइटच्या लायन्सनी चीफ्सना त्यांच्याच मैदानावर २१-२० असे हरवले. टोनीच्या हातून चेंडू निसटत गेले. त्यांतला एक त्याच्या हातांवरून उडाला, प्रतिपक्षाच्या ब्रायन ब्रँचने तो झेलला आणि ५० वार धावत जाऊन गुण वसूल केले. एका गुणाने हरलेल्या सामन्यात हा एक चेंडू किती महाग पडला, हे सांगायला हिशेबतपासनीस लागत नाही.

ऑक्टोबरात बहिणीचा फोन आला. भाच्याच्या शाळेच्या सामन्यात वरचे दोघे दुखापतीने बाहेर गेले, तेव्हा त्याला उतरवण्यात आले. शेवटच्या मिनिटांत चेंडू त्याच्याकडे आला, थेट हातांवर बसला, आणि सुटला. सामना गेला. पुढचे सामने तो बाकावर होता. हंगाम संपल्यावर त्याने पोशाख धुऊन परत केला आणि पुढल्या वर्षी खेळणार नाही असे जाहीर केले. मेव्हणे म्हणाले, “ठीक आहे, अभ्यासाला वेळ मिळेल.” ते समजुतीचे बोल होते, पण मुलाला त्यांत निकाल ऐकू आला.

“दादा, तू त्याच्याशी बोल,” बहीण म्हणाली. मुख्याध्यापकाला लोक समजतात की उपदेशाची पुडी याच्या खिशात तयारच असते. माझ्याजवळ ती नव्हती. मी बोलणे लांबणीवर टाकले.

नोव्हेंबरात आमच्याकडे विधानसभेची निवडणूक होती. १७ तारखेच्या मतदानाच्या कामातून मोकळा होऊन मी दोन दिवस नीट झोपही घेतली नव्हती. २१ तारखेस सकाळी शाळेत निघण्याच्या बेतात असता फोन वाजला. भाचाच होता. तिकडे सोमवारची रात्र होती. पावसात झालेल्या सामन्यात चीफ्स ईगल्सकडून २१-१७ असे हरले होते. शेवटच्या दोनेक मिनिटांत महोम्सने पन्नास वारांहून लांब फेक केली. व्हाल्डेस-स्कँटलिंग बचावाला मागे टाकून मोकळा धावत होता. चेंडू त्याच्या दोन्ही हातांवर आला आणि खाली पडला. त्याच सामन्यात थोर केल्सीच्या हातूनही मोक्याच्या जागी चेंडू सुटला होता; परंतु दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडी नाव होते ते एकट्या व्हाल्डेस-स्कँटलिंगचे. पहिल्या फळीची चूक लोक विसरतात, दुसऱ्या फळीची मात्र तिची लायकी म्हणून लिहून ठेवतात.

भाच्याने तक्रार केली नाही. एवढेच म्हणाला, “मामा, चेंडू नेमका हातांवर होता.”

मी विचारले, “उद्या तो सरावाला जाईल का?”

“जाईल. जावंच लागतं.”

“आणि तसाच प्रसंग पुन्हा आला तर चेंडू त्याच्याकडे टाकतील?”

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “माहीत नाही, मामा.”

फोन ठेवला, पण मला शाळेत निघवेना. एक गोष्ट मी कधी कोणाला सांगितली नव्हती ती डोळ्यांपुढे आली. पंचवीस वर्षांपूर्वी मी तरुण शिक्षक होतो आणि क्रिकेट संघाचा कारभार माझ्याकडे होता. आंतरशालेय सामन्यात सीमारेषेवर एका मुलाने झेल सोडला आणि आम्ही हरलो. मी त्याला रागावलो नाही, याचा मला तेव्हा अभिमानही वाटला. मी फक्त पुढच्या सामन्यात त्याचे नाव घातले नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. वर्षभर तो पांढरे कपडे धुऊन, इस्त्री करून आणी आणि पाण्याची घागर भरून बाकावर बसे. एकदाही त्याने कारण विचारले नाही. पुढल्या वर्षी तो आलाच नाही. तो याच शहरात आहे. भेटला की वाकून नमस्कार करतो, घरच्यांची चौकशी करतो, आणि क्रिकेटचा विषय कधी काढत नाही. त्या वर्षी आमच्याकडे दुसरी फळी नव्हती असे मी निरोपसमारंभात सर्वांना सांगितले होते. ती नव्हती हे खरे. पण ती मोडली कोणी, हे मी सांगितले नव्हते.

तिकडे हंगाम पुढे सरकत होता. १० डिसेंबरला बफेलोच्या बिल्स संघाविरुद्ध केल्सीने चेंडू झेलून तो मागे टोनीकडे फेकला आणि टोनीने धावत जाऊन गुण नोंदवले. पण फेकीआधी टोनी रेषेच्या पुढे उभा होता, म्हणून पंचांनी ते गुण रद्द केले, आणि सामना २०-१७ असा गेला. नाताळच्या दिवशीही चीफ्स हरले. अखेरीस ११ विजय आणि ६ पराभव, या संघाच्या लौकिकाला न शोभणारा हिशेब. नवख्या राइसने मात्र ७९ झेल आणि ९३८ वार अशी चमक दाखवली. केल्सीचे ९८४ वार झाले. व्हाल्डेस-स्कँटलिंगचे सतरा सामन्यांच्या हंगामात अवघे २१ झेल.

मेव्हण्यांनी हे आकडे मला पाठवले आणि खाली लिहिले, “दादा, निकाल लागला.” मी त्यांना एक प्रश्न लिहून पाठवला, जो भाच्यानेच मला पोळपाटावर शिकवला होता. जो झेलकरी सरळ लांब धावत जातो त्याच्यामागे प्रतिपक्षाचा एक, कधी दोन बचावपटू धावतातच. त्यामुळे मध्ये जी मोकळी जागा पडते तीत केल्सी आणि राइस चेंडू झेलतात. त्या धावेची नोंद कोणत्या वहीत होते? मेव्हण्यांचे उत्तर दोन दिवसांनी आले. “अशी वही नाही. पण दादा, हातावरचा चेंडू झेलणे हेही त्याचे कामच आहे.” हेही खरे होते.

बाद फेरीचा पहिला सामना संक्रांतीच्या आदल्या दिवशी, आमच्या रविवारी सकाळी झाला. कॅन्सस सिटीत उणे वीस अंशांची थंडी, आणि समोर मायामी, म्हणजे साक्षात हिल. त्याने ५३ वारांची झेप घेऊन गुण मिळवले. मायामीचे तेवढेच गुण झाले. राइसने १३० वार केले आणि चीफ्स २६-७ असे जिंकले. ज्याला देऊन टाकले तो दुबळा नव्हता. त्या हंगामात त्याने १,७९९ वार केले होते. पण त्याच्या जाण्याने वाचलेले बळ बचावाच्या भिंतीत गेले होते. हंगामभर सर्वांत कमी गुण देणाऱ्या संघांत चीफ्सचा क्रमांक दुसरा होता, आणि मॅकडफीची गणना देशातल्या अव्वल बचावपटूंत झाली होती.

पुढच्या आठवड्यात बफेलो येथे २७-२४ असा विजय मिळाला. त्या सामन्यात हार्डमनच्या हातून अंतिम रेषेशी चेंडू निसटला. हा तोच हार्डमन, जो न्यूयॉर्कला गेला होता आणि ऑक्टोबरात अदलाबदलीत परत आला होता. मग २८ जानेवारीस बाल्टिमोरचा सामना. आमच्याकडे मध्यरात्र उलटली होती. मी झोपलो होतो. चीफ्स १७-१० असे पुढे होते, पण वेळ शिल्लक होता. तिसरा प्रयत्न, नऊ वार हवेत. चेंडू परत गेला तर बाल्टिमोरला संधी. सकाळी उठून पाहतो तो भाच्याचा दोनच शब्दांचा संदेश.

“मामा, टाकला.”

महोम्सने लांब फेक केली होती ती व्हाल्डेस-स्कँटलिंगकडे. त्याने खाली पडता पडता ती झेलली. ३२ वार. सामना तेथेच संपला.

अंतिम सामना ११ फेब्रुवारी २०२४ रोजी लास व्हेगास येथे झाला. आमच्याकडे सोमवारची पहाट होती. पाच वाजता उठून मी चहा करून घेतला. बहिणीने फोन दूरदर्शन संचासमोर उभा करून ठेवला. चित्र अंधुक, पण बापलेकांचे आवाज स्पष्ट. सान फ्रान्सिस्कोशी अटीतटीची लढत. तिसऱ्या पावात व्हाल्डेस-स्कँटलिंगने १६ वारांवरून गुण मिळवले. पूर्ण वेळेत १९-१९ अशी बरोबरी होऊन जादा वेळ सुरू झाला. सव्वानऊ झाले, माझी अंघोळ व्हायची होती, सौ. हाका मारत होत्या. त्या जादा वेळेच्या पहिल्या भागाचे तीन सेकंद उरले असता महोम्सने तीन वारांची छोटी फेक केली आणि ती झेलून विजय मिळवून देणारा होता हार्डमन. तीन आठवड्यांपूर्वी ज्याच्या हातून चेंडू निसटला होता तोच. २५-२२.

फोनवर क्षणभर आरडाओरड झाली. मग मेव्हण्यांचा आवाज आला. ते माझ्याशी नव्हे, मुलाशी बोलत होते. “अरे, माझं चुकलं. सगळं नाही, थोडंसं.” भाचा हसला. सहा महिन्यांत त्याचे हसणे मी प्रथमच ऐकले. त्या हिवाळ्यात तो पुन्हा सरावाला जाऊ लागला.

येथे गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण अपुरी राहील. टोनीला बाद फेरीत मैदानात उतरवलेच नाही आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला संघातून मुक्त केले. ज्या व्हाल्डेस-स्कँटलिंगने बाल्टिमोरचा झेल घेतला त्यालाही फेब्रुवारी संपण्यापूर्वी निरोप मिळाला, कारण खर्चाचा मेळ बसेना. प्रशिक्षक अँडी रीड हे काही धर्मादाय संस्था चालवत नव्हते. पुन्हा चेंडू टाकणे म्हणजे डोळे मिटून विश्वास ठेवणे नव्हे, आणि आयुष्यभराची हमी तर नव्हेच. मेव्हण्यांचा हिशेब या जागी खरा आहे, हे भाच्यालाही मान्य करावे लागले.

पुढच्या वर्षाने दोघांनाही आणखी एक धडा दिला. २०२४ साली चीफ्सनी झेलकऱ्यांची फळी मजबूत करण्याचा चंग बांधला. चाळीस वारांचे अंतर ४.२१ सेकंदांत कापणाऱ्या झेव्हियर वर्दीला पहिल्याच फेरीत निवडले, अनुभवी मार्कीस ब्राउनला आणले. ब्राउन पूर्वतयारीच्या सामन्यातच जायबंदी झाला, राइस सप्टेंबरअखेर. मग नामांकित डीअँड्रे हॉपकिन्सला आणून भर घातली. १५ विजय, दोनच पराभव. म्हणजे या खेपेस दुसरी फळी, तिसरी फळी, सारे काही होते. आणि ९ फेब्रुवारी २०२५ रोजी अंतिम सामन्यात ईगल्सनी त्यांचा ४०-२२ असा धुव्वा उडवला. महोम्सला सहा वेळा चेंडूसह खाली पाडले. पुढची भिंतच ढासळली, मग लांब धावणाऱ्यांकडे चेंडू पोहोचणार कसा? वर्दीच्या नावावर त्या दिवशी १५७ वार लागले, पण त्यांतले बरेचसे संघ ३४-० असा मागे पडल्यानंतरचे. वहीतला आकडा मोठा, सामना मात्र केव्हाच हातचा गेलेला.

तेव्हा, दुसरी फळी चांगली की वाईट, याचा निवाडा मी कसा करावा? मला वाटते, नावांची यादी वाचून तो होत नाही, आणि एका सोडलेल्या झेलावरून तर नाहीच. फळीचे बळ तीन ठिकाणी तपासावे लागते. पुढची भिंत तिला वेळ देते का? वाचलेला पैसा कोठे खर्ची पडला? आणि चुकलेल्या माणसाकडे पुन्हा चेंडू टाकण्याची हिंमत संघात आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे हिशेबाच्या वहीत सापडतात. तिसऱ्याचे उत्तर चेंडू टाकणाऱ्याच्या हातात असते, झेलणाऱ्याच्या नव्हे. हे मला कळायला पंचवीस वर्षे आणि परक्या देशातला एक खेळ लागला.

भाचा २०२४ च्या शरदात शाळेच्या संघातून खेळला. त्याने किती झेल घेतले हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. आता तो महाविद्यालयात आहे आणि खेळ सुटला आहे. बापलेकांचा वाद मात्र दर उन्हाळ्यात नव्या नावांनिशी सुरू होतो, आणि मला तो ऐकावासा वाटतो.

यंदा आमचे क्रीडाशिक्षक आंतरशालेय सामन्यांची यादी सहीसाठी घेऊन आले. मी अकरा नावे वाचली आणि बाराव्या-तेराव्या मुलांना बोलावून घ्यायला सांगितले. ते दारात येऊन उभे राहिले. काही चूक झाली असावी या समजुतीने दोघांचेही चेहरे उतरलेले. त्यांच्यातल्या एकाने गेल्या वर्षी झेल सोडला होता, हे क्रीडाशिक्षकांनी माझ्या कानाशी येऊन सांगितले.

“मला माहीत आहे,” मी म्हटले, आणि पहिल्या सामन्यात त्याला खेळवावे असे यादीवर लिहून सही केली.